पत्र्यावरचा चिकटा

धुऊन-पुसून उन्हात उभी केलेली गाडी स्वच्छ आहे की नाही, हे डोळ्यांना सांगता येत नाही. ते बोटांना विचारावं लागतं. हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, बॉनेट ओलं ठेवायचं आणि बोटांची टोकं दाब न देता त्यावरून फिरवायची. पिशवीमुळं कातडीचं रंगाशी होणारं घर्षण कमी होतं आणि गुळगुळीत दिसणाऱ्या पत्र्यावरचा कण न् कण जाणवू लागतो. शोरूममधून नुकत्याच आलेल्या गाडीवरसुद्धा चार-दोन कण लागतात. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक उसाचा हंगाम रस्त्यावर काढलेल्या गाडीवर तर अशी खरखर लागते, की मालकाचा विश्वास बसत नाही. तो पिशवी काढून पुन्हा डोळ्यांनी बघतो. पत्रा तर लखलखत असतो.

ही परीक्षा मला माझ्या भाच्यानं शिकवली. त्याचं आमच्या खर्ड्यात छोटंसं वॉशिंग सेंटर आहे. एक रॅम्प, एक प्रेशरचा पंप, पाण्याची टाकी आणि मागं एक लिंब. "मामा, धुतल्यानं धूळ जाते," तो म्हणाला होता, "रुतलेलं जात नाही. ते वेगळं काढावं लागतं." त्याच्या त्या बोलण्यानंतर मी या रुतलेल्या गोष्टींकडं बघायला लागलो आणि मग आपल्याच गावाची हवा, झाडं, पाणी, रस्ता हे सगळं एका पत्र्यावर वाचता येतं असं लक्षात आलं.

खर्डा जामखेड तालुक्याच्या टोकाला आहे. इथून जरा पुढं सरकलं की धाराशिव जिल्हा लागतो, दुसऱ्या अंगाला बीड. बालाघाटाच्या उजाड रांगा सगळीकडून दिसतात. इतिहासाच्या पुस्तकात गावाचं नाव येतं ते ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळं. पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले असे सगळे एका बाजूला होते आणि समोर निजाम अली खान. निजामानं माघार घेऊन आसरा घेतला तो इथल्याच भुईकोटात. तो किल्ला बघायला आता लांबून लोक येतात. गाडीतून उतरतात, वर सूर्य बघतात आणि पहिलं झाड दिसेल त्याखाली गाडी लावतात. आमच्याकडचं ऊन ज्यांनी सोसलंय ते त्यांना नावं ठेवणार नाहीत. पण पत्र्यावरची गोष्ट सुरू होते ती नेमकी तिथूनच.

रब्बीच्या ज्वारीवर मावा पडला की पानं तेल लावल्यागत चमकायला लागतात. आमचा शेतकरी म्हणतो, चिकटा पडला. मावा पानातला रस शोषतो. त्याला हवी असतात त्यातली थोडी पोषणद्रव्यं, साखर मात्र गरजेपेक्षा कितीतरी जास्त येते. ती तो मागच्या बाजूनं थेंबाथेंबानं टाकून देतो. झाडांवरही हेच चालतं. मोहोरलेल्या आंब्यावर तुडतुडे असतात, चिंचेवर आणि लिंबावर पिठ्या ढेकूण आणि खवले किडे. त्यांनी टाकलेली साखर वाऱ्यानं बारीक तुषारांसारखी खाली येते आणि सावलीत उभ्या गाडीच्या टपावर बसते. म्हणजे शेतात ज्याच्या नावानं माणूस कपाळाला हात लावतो, तोच चिकटा गाडीवर असतो, आणि आपण त्याला "झाडाचं काहीतरी पडलंय" एवढंच म्हणतो. त्यावर धूळ बसते, मग काळी बुरशी धरते. जशी ज्वारीच्या पानावर धरते तशीच. पहिल्या दिवशी ही निव्वळ साखर असते आणि कोमट पाण्यानं निघून जाते. दोन आठवडे ऊन खाल्लं की तिचा कडक पापुद्रा होतो. मग साधं पाणी तिला ओळखत नाही. बाभळीचा किंवा लिंबाचा डिंक बराच वेळ भिजवून ठेवला तर पाण्यानंच सुटतो, पण झाडाची राळ असेल तर पाणी मुळातच निरुपयोगी. तिला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लागतं, कापसाच्या बोळ्यावर घेऊन, मिनिटभर नुसतं टेकवून.

झाडावरून आणखी एक गोष्ट पडते. साळुंक्या, कावळे, संध्याकाळी वस्तीला येणारे बगळे, रात्री वडाची फळं खाऊन जाणारी वटवाघळं. पक्ष्याची विष्ठा रंग जाळते असं सगळे म्हणतात. जाळण्यातला काही भाग तिच्या रसायनाचा आहे हे खरंच, पण बराचसा उन्हाचा असतो. पत्रा तापला की वरचा पारदर्शक थर मऊ होऊन किंचित फुगतो. त्याच वेळी विष्ठा वाळून आकसत, कडक होत जाते. संध्याकाळी पत्रा निवतो, थर पुन्हा आवळतो आणि त्या वाळलेल्या डागाच्या खडबडीत बुडाला धरूनच घट्ट होतो. आपण नंतर डाग काढतो, पण खाली त्याचा ठसा उरलेला असतो. म्हणून आमच्यासारख्या तापणाऱ्या मुलखात या डागाला उद्यापर्यंत थांबवू नये. ओला फडका दहा मिनिटं त्यावर ठेवावा आणि मग वरच्या वर उचलून घ्यावा. नखानं खरवडणारी माणसं बघितली की माझा जीव खालीवर होतो. ज्यात वाळूचे कण, बिया, टरफलं आहेत ते आपण पत्र्यावर घासतो आहोत, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

रंग म्हणजे तरी किती? कारखान्यातून आलेल्या पत्र्यावर आधी गंज अडवणारा थर असतो, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतं. वहीच्या एका पानाएवढी जाडी. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. एका केसापेक्षा बारीक असा हा पापुद्रा दहा-पंधरा वर्षं ऊन झेलणार, पाऊस झेलणार, रंगाची चमक सांभाळणार. आणि तो गेला की परत येत नाही. या एका गोष्टीनं माझं सगळं बघणं बदललं. चिकटलेलं काढायचंच आहे, पण कशाच्या बदल्यात, हा प्रश्न प्रत्येक डागासमोर उभा राहतो.

आपल्याकडं त्याचं ठरलेलं उत्तर एकच आहे: रबिंग. गाडी खरखरीत झाली, निस्तेज झाली, की गॅरेजवाला म्हणतो, "रबिंग-पॉलिश करून टाकू." कंपाउंड लावतो, मशीन फिरवतो, तासाभरात गाडी आरशासारखी होते. होणारच. कण निघतात आणि त्यांच्यासोबत क्लिअर कोटही काही मायक्रॉन निघतो. दिवाळीला रबिंग, लग्नाला रबिंग, विकायच्या आधी रबिंग. बॉनेटच्या कडांवर आणि दाराच्या घडीवर थर मुळातच पातळ असतो, तिथं एक दिवस रंग उघडा पडतो. ड्युको रंगाचा जमाना होता तेव्हा ही सवय चालून गेली. जुन्या गाड्यांना वेगळा क्लिअर कोट नव्हता, रंगाचाच थर जाड असायचा, पॉलिश केलं की फडक्याला गाडीचा रंग लागायचा. आताच्या गाड्या वेगळ्या आहेत. हात जुने राहिलेत. रबिंग वाईट नाही, पण ते शेवटी करायचं काम आहे आणि आपण ते पहिलं करतो. मला याची मनापासून हळहळ वाटते.

भाच्याच्या कामाचा क्रम उलटा आहे. जे विरघळतं ते आधी विरघळवायचं. जे विरघळत नाही ते हळू उचलायचं. घासायचं ते सगळ्यात शेवटी, आणि लागलंच तर.

विरघळणाऱ्यांत पहिलं डांबर. शिर्डी-हैदराबाद रस्ता आमच्या गावावरून जातो आणि आसपास कुठं ना कुठं डांबरीकरण चालू असतंच. आपल्याकडं रस्त्याला बहुतेक व्हीजी-३० प्रतीचं डांबर वापरतात. त्याचा मऊ होण्याचा बिंदू किमान ४७ अंश असावा असं मानक सांगतं. हवा ४०-४२ अंशांवर असताना काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग त्याच्या बराच वर तापलेला असतो. चाकाखाली मऊ झालेलं डांबर उडतं आणि चाकामागच्या पत्र्यावर, दारांच्या खालच्या पट्टीवर काळे ठिपके धरतात. गावाकडचा उपाय रॉकेल किंवा डिझेल. डांबर तेलात विरघळतं, त्यामुळं उपाय चुकीचा नाही. फक्त फडक्याला लावून ठिपक्यावर टेकवावं, ठिपका पाघळू द्यावा, मग उचलावा आणि लगेच शाम्पूच्या पाण्यानं ती जागा धुवावी, नाहीतर तेलकटपणा राहतो आणि त्यावर दुप्पट धूळ बसते. जुनं मेण असेल तर तेही जातं. पेट्रोलला मात्र हात लावू नये. आगीचं भय आहेच, शिवाय दुरुस्तीत नव्यानं मारलेल्या रंगाला ते भारी पडतं.

दुसरं लोखंड. मला सगळ्यात नवल वाटलं ते याचं. पांढऱ्या गाडीवर जवळून बघितलं तर सुईच्या टोकाएवढे तांबूस-नारिंगी ठिपके दिसतात. लोकांना वाटतं पत्रा आतून गंजला. गंज खरा आहे, पण पत्र्याचा नाही. ब्रेक दाबला की चाकातली लोखंडी तबकडी घासते, तिचा तापलेला भुगा उडतो आणि क्लिअर कोटमध्ये रुतून बसतो. मग दवानं, पावसानं तो तिथंच गंजतो, गंजताना फुगतो आणि स्वतःची जागा मोठी करत जातो. रेल्वेच्या वाघिणीतून येणाऱ्या नव्या गाड्यांवरही असा भुगा बसलेला असतो, तो रुळांचा आणि चाकांचा. खर्ड्यासारख्या बाजारगावात त्याचा आणखी एक उगम आहे. फॅब्रिकेशनची दुकानं. उसाच्या ट्रॉल्या, गेट, पत्र्याचे शेड यांची कामं रस्त्याच्या कडेलाच चालतात. ग्राइंडरच्या ठिणग्या दहा-पंधरा फुटांवर विझतात असं आपल्याला वाटतं. दिसणं बंद होतं एवढंच. तापलेला कण पुढं जाऊन कुणाच्या तरी दारावर बसलेला असतो.

त्याच्यावर जे द्रव्य मारतात त्यात थायोग्लायकोलेटचे क्षार असतात. केस कुरळे करायच्या आणि काढायच्या औषधांतही हेच कूळ असतं, म्हणून वासही तसाच, कुजकट. फवारा मारला की मिनिटाभरात पांढऱ्या दारावरून जांभळे ओघळ उतरायला लागतात. जिथं जिथं लोखंडाचा कण होता तिथून एक-एक जांभळी रेघ. स्वच्छ धुतलेल्या गाडीवर पहिल्यांदा हे बघणाऱ्या माणसाचा चेहरा मी अनेकदा पाहिलाय. जे आजवर आपल्या अंगावर होतं आणि दिसत नव्हतं, ते रंग घेऊन समोर येतं. तीन ते पाच मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचं नाही, पत्रा थंड आणि सावलीत असला पाहिजे, मग भरपूर पाण्यानं धुवायचं. एवढीच पथ्यं. घासायचं काहीच नाही.

या लोखंडाच्या कणांची आठवण मला किल्ल्यावरही येते. भुईकोटाच्या दगडावर कुणी ऑइल पेंटनं नावं लिहिली की चांगल्या मनाची पोरं तारेचा ब्रश घेऊन ती काढायला जातात. जुन्या बांधकामांवर काम करणारे लोक तारेच्या ब्रशला का नको म्हणतात, ते मला गाडीच्या दारानं समजावलं. दगडाची वरची कातडी खरवडली जाते ती जातेच, शिवाय ब्रशच्या तारांचा भुगा दगडाच्या छिद्रांत अडकतो आणि पहिल्या पावसात तिथं तांबूस डाग उगवतात. नाव गेलं, गंज आला. किल्ल्याच्या दगडालाही असाच उलटा क्रम हवा. आधी रंग मऊ करायचा, मग लाकडी पट्टीनं किंवा नायलॉनच्या ब्रशनं, घाई न करता. हा किल्ला बांधणाऱ्या निंबाळकरांच्या काळातला घडीव दगड पुन्हा कोण घडवणार आहे?

जे विरघळत नाही त्याच्यासाठी क्ले. दिसायला लहान मुलांच्या खेळण्यातल्या मातीसारखी एक लवचीक वडी, जिच्यात अतिशय बारीक घर्षणकण मिसळलेले असतात. ही जपानची देणगी. तिथल्या तादाओ कोदाते यांना तिचं अमेरिकन पेटंट १९९५ मध्ये मिळालं. शेजारच्या गाडीवरून उडून आलेले रंगाचे तुषार, सिमेंटचे बारीक शिंतोडे, उसाच्या हंगामात कारखान्यांच्या धुराड्यातून येऊन बसलेली काजळी, लोखंडाचे उरलेसुरले कण, हे सगळं पृष्ठभागाच्या वर डोकं काढून असतं. साबणाचं पाणी भरपूर मारायचं आणि वडी त्यावरून सरळ रेषेत सरकवायची. वडीला सपाट जागा लागत नाही, फक्त वर आलेली डोकी लागतात. ती ती उपटून आपल्या पोटात घेते. सुरुवातीला खर्र असा बारीक आवाज येतो. चार-पाच फेऱ्यांत आवाज बंद होतो आणि वडी काचेवरून गेल्यागत सुटते. मग घडी घालून मळायची, नवी बाजू वर घ्यायची, पुढचा फूटभर पत्रा धरायचा. वडी जमिनीवर पडली तर टाकून द्यायची, कितीही महाग असो. खड्याचा एक कण तिला लागला तर ती पुढं सगळ्या गाडीवर ओरखडे लिहीत जाईल. काळ्या गाडीवर क्लेचीही अगदी बारीक खूण राहू शकते, म्हणून हे काम वर्षातून एकदा, फार तर दोनदा. हाताला खरखर लागली तरच.

क्ले मारताना भाचा बोलत नाही. गाणीही बंद करतो. "आवाज ऐकू आला पायजे," म्हणतो. मला हे आवडतं. त्या पोराच्या हातात एक सबुरी आलीय, जी शाळेत त्याला कुणी शिकवू शकलं नव्हतं.

पाण्याबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण आमच्याकडं पाणी हाच मोठा प्रश्न आहे. जामखेड हा अवर्षणाचा तालुका. उन्हाळ्यात टँकर येतात, बायाबापड्या हंडे घेऊन उभ्या राहतात, अशा गावात गाडी धुणं हे काम लाज न वाटता कसं करायचं? त्यात बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन. पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असं भारतीय मानक सांगतं. घागरीच्या बुडाला आणि नळाच्या तोटीवर जे पांढरं धरतं, तेच उन्हात वाळलेल्या प्रत्येक थेंबाच्या काठावर कडं करून बसतं. म्हणजे मळ काढायला म्हणून पाणी मारायचं आणि त्याच पाण्यानं नवा मळ चिकटवून ठेवायचा. ताजं कडं निम्मं पाणी आणि निम्मं पांढरं व्हिनेगर यांनी सुटतं, मग पुन्हा धुवावं लागतं. जुनं झालं की ते खाली कोरलं जातं. म्हणून उन्हात गाडी धुवायची नाही आणि धुतली तर थेंब राहू द्यायचे नाहीत, टिपून घ्यायचे.

कोरडा फडका हा आमच्या मुलखातला दुसरा रोग. सकाळी सहाला प्रत्येक दारात कुणीतरी गाडीवर फडका मारत असतं. मायेनं मारतात, यात शंका नाही. पण रात्रभर बसलेली ती धूळ म्हणजे रस्त्याची माती आणि खडी क्रशरचा चुरा. ती कोरडी घासली की उन्हात गोल गोल जाळी दिसायला लागते. त्यापेक्षा धूळ तशीच राहू द्यावी. धूळ नुसती बसलेली असते, ती पत्र्याचं काही बिघडवत नाही. कव्हरचंही तसंच; वारा सुटला की कव्हर आतल्या धुळीसकट पत्र्यावर घासत राहतं. ते छपराखाली ठीक, उघड्यावर नको.

या सगळ्यावर आधीच करायचा उपाय म्हणजे रंगावर एक बदलता येणारा थर देणं. रोजचा मार त्यानं खावा, मूळ थरानं नाही. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर कर्नोबा नावाचं मेण धरतं. कोरड्या, तापलेल्या प्रदेशात पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडानं केलेली ती सोय. आमच्या उन्हात ते फार तर दीड-दोन महिने टिकतं. सीलंट त्याहून जास्त. सिरॅमिक कोटिंग काही वर्षं. सिरॅमिकवाले सांगतात त्या सगळ्यावर माझा विश्वास नाही. कठीण पाण्याची कडी त्यावरही धरतात, विष्ठा त्यावरही बसते. फायदा हा की त्या गोष्टींना धरायला जागा कमी मिळते आणि कमी पाण्यात, कमी घासून त्या निघतात. क्ले मारल्यावर पत्रा अगदी उघडा असतो, त्या दिवशी तरी हा थर दिलाच पाहिजे. मृगाची पाखरं उडायच्या आत, मे महिन्याच्या शेवटी मेण लावलेल्या गाडीच्या तोंडावर पाखरं चिकटत नाहीत असं नाही, पण ओल्या फडक्यानं सुटतात. आषाढी वारीच्या दिवसांत पैठणहून निघालेली नाथांची पालखी खर्ड्यावरून जाते, तेव्हा सोबतच्या टेम्पो-जीपांच्या काचा पाखरांनी भरलेल्या असतात. भाचा त्या दिवशी रॅम्प बंद ठेवतो आणि बादली-फडके घेऊन नुसत्या काचा पुसून देतो. पैसे घेत नाही.

एका चिकटणाऱ्या गोष्टीबद्दल मात्र मी कुणाला काही सांगत नाही, विचारल्याशिवाय. दसऱ्याला बॉनेटवर ओल्या हळदी-कुंकवाची बोटं उमटतात, स्वस्तिक काढलं जातं. हळदीचा पिवळा कर्क्युमिनचा असतो आणि तो उन्हात आपोआप विरतो. फक्त त्याला आधी साबण लावू नये, क्षारानं हळद लाल होते. खरं कुंकू तर हळदीला चुना देऊनच होतं. बाजारातल्या रसायनी रंगाच्या कुंकवाचा आणि मिरवणुकीतल्या गुलालाचा डाग मात्र राहतो. गुलालाला पुसू नये, आधी पाण्याच्या धारेनं उडवावं. झेंडूच्या माळेचा दोरा गाडी चालताना रंग घासतो, म्हणून पूजा झाली की माळ आत आरशाला बांधावी. हे सगळं ज्ञान माझ्याकडं आहे, आणि तरीही घरातल्या लक्ष्मीनं बॉनेटवर बोटं उमटवली की ती दोन-तीन दिवस तशीच राहतात. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगी देवीच्या अंगावरचं पिढ्यानपिढ्यांचं शेंदराचं लेपन उतरवण्यात आलं आणि आतली मूळ मूर्ती दिसली, तेव्हा आमच्या पारावर बरीच चर्चा झाली. कुणाला आनंद झाला, कुणाला ओळखीचं रूप गेल्याचं वाईट वाटलं. मला दोघांचंही पटलं. लेप देणाऱ्या हातांनी भक्तीनंच दिला होता आणि उतरवणाऱ्यांनीही देवीचं अंग जपूनच उतरवला.

भाच्याशी माझा वाद झाला तो पाण्यावरून आणि त्यात त्याचं पारडं जड निघालं. प्रेशरनं एक गाडी धुवायला दीडशे लिटर पाणी सहज जातं. मेण असलेली, फक्त धुळीनं भरलेली गाडी एका बादलीत होते. बादलीत वंगण धरणारं द्रव्य थोडं टाकायचं, आठ-दहा मऊ फडकी त्यात भिजवायची, प्रत्येक फडकं गाडीच्या एकाच भागावर एकदाच फिरवायचं आणि बाजूला टाकायचं. मळलेलं फडकं परत बादलीत जात नाही, त्यामुळं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत तो गिऱ्हाइकाला आधी हेच सुचवतो. चिखलानं भरलेली गाडी असेल तरच पंप सुरू होतो. डांबराचं रॉकेल आणि लोखंडाचं जांभळं पाणी ओढ्याला जाऊ नये म्हणून त्यानं वेगळा पक्का खड्डा केलाय. बादलीत उरलेलं स्वच्छ पाणी पुढच्या गाडीच्या चाकांना वापरतो. टाकीतलं शेवटचं घमेलंभर साधं पाणी मागच्या लिंबाला जातं. त्या लिंबाखाली बसायला त्यानं दोन बाकडी टाकलीत, माठ ठेवलाय. माणसं तिथं खुशाल बसतात. गाडी मात्र तो तिथं कुणाला लावू देत नाही.